क्लोज्ड म्हणजे बंद

आमच्या जीपचा पंखा इंजिन थंड असताना अगदी मनापासून चालायचा. इंजिन तापलं की बंद व्हायचा. तो बिघडलेला नव्हता. त्याला तसं मी शिकवलं होतं.

पप्पांची किकवीला हायवेच्या कडेला वेल्डिंगची शेड आहे. लोकांची गेटं आणि ट्रॉल्या करून उरलेल्या वेळात त्यांनी चार वर्षं एक जीप बनवली. सांगाडा जुन्या जीपचा, इंजिन टेम्पोचं, सीटा मिनीबसच्या. (हॉर्न कशाचा आहे ते पप्पा सांगत नाहीत, पण तो वाजला की बैल वळून बघतात.) टेम्पोच्या इंजिनाचा मूळ पंखा जीपच्या नाकात मावेना, म्हणून रेडिएटरला विजेवर चालणारा पंखा लावला. आता तो कधी चालू व्हावा आणि कधी बंद, हे ठरवणारी एक डबी हवी होती. तिला कंट्रोलर म्हणतात. ती निवडायला घरात इंग्रजी येणारं माणूस हवं होतं, आणि ते माणूस वरच्या खोलीत दार लावून बसलेलं होतं.

मी पाचवीपासून पुण्यात होस्टेलवर, इंग्रजी माध्यमात. आता घरीच लॅपटॉपवर नोकरी करते. आमच्या ऑफिसात सगळे कॅमेरा बंद ठेवतात, त्यामुळे दोन वर्षांत मला एकाही सहकाऱ्याचं नाक माहीत नाही. गावात चौथीपर्यंत माझ्या बाकावर बसणाऱ्या पोरी लग्न होऊन गेल्या. किराणावाला माझ्याशी बोलण्याआधी घसा साफ करतो आणि शेवटी "थँक्यू" म्हणतो. बाकी गिऱ्हाइकांना म्हणत नाही. पप्पांचं आणि माझं संभाषण रोज एकच असायचं.

"जेवलीस का?"

"हो."

(कधीकधी मी "तुम्ही?" असं विचारायचे. त्या दिवशी फार बोलणं झालं असं आम्हा दोघांनाही वाटायचं.)

तर एका सकाळी पप्पा जिना चढून वर आले आणि उंबऱ्याशी चप्पल काढून उभे राहिले. स्वतःच्या घरात!

"बाय, जरा काम व्हतं."

"हं?"

"पंख्याची डबी बगायची व्हती. नेटवर समदं इंग्लिशमदी हाय. गाडी गार असताना पंखा बंद पायजे, तापली की चालू. बास, येवडंच. तुला येळ आसंल तर."

मला वेळच वेळ होता. पप्पांनी आजवर माझ्याकडं काही मागितलेलं नव्हतं. हे नीट जमलं तर "जेवलीस का"च्या पुढचं एखादं वाक्य मिळणार होतं.

मी कामाला लागले. नऊ रकान्यांचा तक्ता केला. एका कंट्रोलरला फिरवायची कळ होती, दुसऱ्याला काहीच नव्हतं, तिसऱ्यावर तापमानाचा आकडा लाल उजेडात दिसायचा. नेटवर परदेशी गाडीवेड्यांचा एक गप्पांचा कट्टा सापडला. तिथं मी तीन आठवडे एक अक्षर न लिहिता नुसती वाचत बसले. मला तिथली माणसं ओळखू यायला लागली. एकाचा रेडिएटर फुटला तेव्हा मला जेवण गेलं नाही. दुसऱ्यानं आज वाढदिवस आहे असं लिहिलं, तर मी त्याला शुभेच्छा दिल्या. (मनातल्या मनात.)

शेवटी लाल आकड्याची डबी मागवली. ती आली, पप्पांनी ती उलटसुलट केली, आणि पाठीमागं दोन स्क्रू दिसले. पंख्याची वायर यातल्या एकाच स्क्रूला लावायची होती. एकाखाली लिहिलं होतं 'नॉर्मली ओपन', दुसऱ्याखाली 'नॉर्मली क्लोज्ड'.

"कुटल्याला लावू?" पप्पांनी विचारलं.

"नॉर्मली म्हणजे एरवी," मी म्हणाले. "क्लोज्ड म्हणजे बंद."

"म्हंजे येरवी बंद, तापल्यावर चालू! आन् दुसरा?"

"एरवी उघडा. म्हणजे सतत चालू."

"तसला न्हाई पायजे, बॅटरी उतरंल." त्यांनी वायर क्लोज्डला आवळली.

आई दारात उभी होती. "रशीदभाऊंना इचारा की येकदा. त्यो वायरिंगवाला माणूस हाय."

रशीदचाचा भोरचे. पप्पांचे जुने दोस्त, गाड्यांची वायरिंग करतात. पप्पा म्हणाले, "रशीदला कशाला? माज्या लेकीला इंग्लिश येतं!"

हे वाक्य मी रात्रभर जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पासलीला आत्याकडं नव्या घराची वास्तुशांत होती. पप्पांनी सगळ्या भावकीला सांगून ठेवलं होतं, घरच्या जीपनं येणार. पहाटेच्या थंडीत त्यांनी किल्ली फिरवली मात्र, पंखा असा सुटला की अंगणातला पालापाचोळा रस्त्यापलीकडं गेला!

"वारं बग! वारं!" पप्पा ओरडले. शेजारी जमले. दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली, तरी आकडा पन्नासच्या वर जाईना. "तापतच न्हाई की ही! लेकीनं निवडलंय!"

इंजिन थंडगार आहे आणि पंखा चालू आहे, हे मला दिसत होतं. ठरलं होतं त्याच्या बरोबर उलट. पण चार शेजारी माझ्याकडं कौतुकानं बघत होते, आणि मला कौतुकात बोलता येत नाही. (कौतुक नसतानाही येत नाही.) मी जीपमध्ये लाडवांचा डबा मांडीवर घेऊन गप्प बसले.

हायवे संपून वेल्ह्यापर्यंत सगळं झकास झालं. त्यापुढं चढ लागला, पप्पांनी गिअर टाकला, आणि आकडा हलायला लागला. ऐंशी. पंच्याऐंशी. पंखा घोंघावत होता. अठ्ठ्याऐंशी. नव्वदला 'टक्' असा आवाज झाला आणि एकदम शांतता पसरली.

"वारं थांबलं का गं?"

"हो."

"का?"

आकडा शंभर ओलांडत होता. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेरून वाफ आत बघत होती.

गाडी कडेला लावली. आई आहेराची साडी छातीशी धरून खाली उतरली, जणू आग साडीलाच लागणार होती! बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबलो. पप्पांनी अर्धी किल्ली फिरवून आकडा बघितला. पंच्याऐंशी. 'टक्!' पंखा पुन्हा जोमात.

"गार झाल्यावर कशाला सुटलाय त्यो?" आई म्हणाली.

गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी थांबल्या. पंख्यासमोर उभं राहून त्यांनी घाम वाळवला. "ब्येस केलंय दादा. इंजानाला न्हाई, पर वाटसराला लई बरं."

आम्ही पुन्हा निघालो. दोन वळणं, नव्वद, 'टक्', वाफ. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा पप्पा बॉनेटच्या आत डोकं घालून नुसते उभे राहिले. त्यांची पाठ बघून मला कळलं की आपण पुन्हा "जेवलीस का"वर आलो. कदाचित त्याच्याही मागं.

मी मोबाईल काढला. एक काडी रेंज होती. मला फोनवर बोलायला जमत नाही. डॉक्टरची वेळसुद्धा मी आईला घ्यायला लावते. तरी रशीदचाचांना लावला.

"चाचा, मी बोलतेय. पंखा... उलटा चालतोय. वायर क्लोज्डला लावलीय. क्लोज्ड म्हणजे बंद ना?"

पलीकडून नुसतं हसणं आलं. इतकं लांबलं की मला वाटलं रेंज त्यातच संपणार!

"बेटा, दुकान क्लोज्ड म्हंजे बंद! वायरीत उलटं आस्तं. क्लोज्ड म्हंजे जोडलेलं, करंट चालू. ओपन म्हंजे तुटलेलं. किल्ली काढा आन् वायर दुसऱ्या स्क्रूला लावा."

मी पप्पांच्या मागं जाऊन उभी राहिले. एवढ्या वेळात मी पाच वाक्यं तयार केली आणि पाचही गिळली. शेवटी सहावंच बाहेर पडलं. "पप्पा, माझं चुकलं, वायर दुसऱ्या स्क्रूला पाहिजे. आणि पंखा उलटा चालतोय हे सकाळीच माझ्या लक्षात आलं होतं."

त्यांनी वळून बघितलं. "सकाळी? मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता. लेकीनं निवडलंय म्हणून."

त्यांनी शर्टाच्या खिशातला टेस्टर काढून माझ्या हातात दिला. "चष्मा घरी ऱ्हायलाय. तूच लाव."

मी वायर सोडली, शेजारच्या स्क्रूला आवळली. अर्ध्या इंचाचं अंतर! पप्पांनी गाडी चालू केली. पंखा गप्प. चढावर आकडा नव्वदला गेला आणि 'टक्', वारा सुटला. आईनं टाळ्या वाजवल्या. आहेराची साडी खाली पडली.

पासलीला पोचलो तेव्हा पूजा उरकून शेवटची पंगत बसत होती. रशीदचाचांनाही आमंत्रण होतं; ते भोरहून मोटारसायकलवर आमच्या आधीच पोचले होते, माझा फोन त्यांनी मांडवातच घेतला होता. त्यांचं जेवूनही झालं होतं, आणि आमची गोष्ट अख्ख्या मांडवाला सांगून झाली होती. मी पत्रावळीत डोकं घातलं.

"आली का क्लोज्ड!" चाचांनी हाक मारली.

"हसू नगंस," पप्पा त्यांना म्हणाले. "वायर तिनंच जोडली." मग भात कालवता कालवता माझ्याकडं बघत राहिले. "पर रशीद, हिचं बी त्या पंख्यावानीच हाय बग. येकटी गार बसलेली आसली की आत समदं भराभरा चालू. आन् बोलायची येळ आली की टक्! बंद. हिची बी येखादी वायर हिकडची तिकडं करता येती का?"

रशीदचाचांनी हात पुसला, खिशातून टेस्टर काढला आणि ते गंभीरपणे माझ्याकडं निघाले.

सगळी पंगत माझ्या उत्तराची वाट बघत होती. माझ्याकडं एक झकास उत्तर तयारही होतं.

टक्!