कापणार नाहीत, भाजणार

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. सासऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. बायोप्सीचा रिपोर्ट संध्याकाळी माझ्याच मोबाईलवर आला होता. आणि मी छताकडे बघत एकाच गोष्टीचा घोर घेऊन पडले होते: हा शब्द अण्णांसमोर उच्चारायचा कसा?

आजारपणाच्या घरात किस्से जमत नाहीत असा माझा समज होता. उलट आहे. आमच्याकडे ऊस तुटून गेला की रानात पाचट उरतं, तसे ते उरतात. ऊस कुठे गेला ते दिसत नाही, पाचट मात्र पायात येत राहतं.

आधी आमच्या घराची रीत सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. देवळाली प्रवरेच्या आमच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. अण्णा कडक आहेत असं अजिबात नाही. गरीब माणूस. पण रीत आहे. मी नगरची, बी.एस्सी. झालेली, लग्नात मैत्रिणींना सांगून आले होते की मी हे असलं काही पाळणार नाही. पहिल्याच आठवड्यात पाळायला लागले. काही सांगायचं तर मध्ये कुणीतरी लागतं. आरू व्हायच्या आधी ते काम घरातलं मांजर करायचं. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "मने, चहा झालाय गं." ओसरीवरून अण्णा म्हणायचे, "आलो गं मने." मनीला चहाशी काही देणंघेणं नव्हतं.

आता आरू साडेचार वर्षांची आहे. मनी रिटायर झाली.

*

अण्णांचा त्रास घरात सगळ्यात आधी कळला तो आरूलाच. एका सकाळी बघते तर ही बाथरूमच्या बंद दाराला तोंड लावून उभी, आणि आतल्या दिशेनं लांब सूर काढतेय, "शूऽऽऽ... शूऽऽऽ..." मी तिला लहानपणी करायचे तसं.

"काय चाललंय गं?"

"आजोबांची शू येत नाहीये. मी मदत करतेय."

बाहेर मी हातात झाडू घेऊन उभी. मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला, दमलेला.

"आरू, आईला म्हनावं, एखाद्या दिशी डाक्टरकडं जाऊ."

आमच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आई, पुढे कित्येक दिवस सांगत होत्या की हे दोन वर्षं ऐकत नव्हते, ते नातीनं दारातून ऐकवलं.

*

नगरच्या डॉक्टरांकडे संदीप, म्हणजे माझा नवरा, येऊ शकला नाही. एमआयडीसीत त्याची शिफ्ट होती. अण्णा, मी आणि आरू असे तिघे गेलो. आरूला सोबत नेणं भागच होतं. ती नसती तर आम्ही दोघं डॉक्टरांसमोर नुसते बसून आलो असतो.

डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, लघवीला जळजळ होते का. अण्णा खाली वाकून आरूला म्हणाले, "आईला म्हनावं, न्हाई." आरूनं माझ्याकडे वळून सांगितलं, "नाही." मी डॉक्टरांना सांगितलं, "नाही." पुढचा प्रश्न. पुन्हा तीच फेरी. डॉक्टरांची मान एकदा इकडे, एकदा तिकडे. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अण्णांना विचारलं, "बाबा, तुम्हाला मराठी येतं ना?"

बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आम्ही तिघे पुन्हा गेलो, तेव्हा हसू संपलं. त्यांनी समजावलं की लघवीचा त्रास वाढलेल्या ग्रंथीचा आहे. वयानं होतो तो. पण त्यासाठी केलेल्या रक्ताच्या तपासणीत, पीएसए म्हणतात तिला, आकडा जास्त आला, म्हणून पुढे बघितलं तर ग्रंथीच्या एका बाजूला छोटासा कॅन्सर सापडला. बाहेर पसरलेला नाही. ऑपरेशन करून ग्रंथी काढता येईल, रेडिएशन देता येईल. किंवा पुण्याला एक नवी सोय आहे: पोटावर चीर नाही, टाके नाहीत, भूल देऊन मागच्या वाटेनं एक नळी आत घालतात, आणि अल्ट्रासाउंडच्या लहरी नेमक्या त्या जागी एकवटून तेवढाच भाग तापवून मारतात. आजूबाजूच्या नसा शक्यतो वाचतात. पण हे सगळ्यांना चालत नाही, आणि नंतर लक्ष ठेवत राहावं लागतं. कधी पुन्हा करावं लागतं, कधी दुसऱ्याच उपचाराकडे वळावं लागतं.

"मागच्या वाटेनं" म्हणताना डॉक्टर अण्णांकडे बघत होते, अण्णा पंख्याकडे, आणि मी आरूच्या वेणीकडे.

*

घरी आल्यावर सगळ्यांनी ठरवलं, पुण्याचंच करायचं. सगळ्यांनी म्हणजे संदीपनं आणि मी. अण्णांना कुणी विचारलं नव्हतं. ते आरूकडे सोपवलं. मी तिला नीट पाठ करून पाठवलं: डॉक्टर म्हणाले, कापायचं नाही, फक्त आतून गरम करायचं, काळजी करू नका.

ती ओसरीवर गेली आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, काळजी नका करू. तुम्हाला कापणार नाहीत, नुसतं भाजणार आहेत."

अण्णा त्या दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी आईंना म्हणाले, "जळीत ऊस कुनाला लागतो का? मी हाय तसा बरा हाय." आणि पुण्याचा विषय बंद. संदीप चिडला, आई रडल्या. अण्णा रोज रानात जात राहिले. मला मात्र सारखं वाटायचं, आत तो छोटा कॅन्सर आहे, तो काही रीत पाळून थांबणार नाही. आणि निरोप चुकला तो माझा. गरम करायचं म्हणे! बी.एस्सी.!

*

अण्णांकडे एक भिंग आहे. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचायला ते वापरतात. एका दुपारी मी ते आणि पाचटाचं एक वाळकं पान घेऊन ओट्यावर बसले आणि आरूला शिकवायला लागले. जरा मोठ्यानं. इतकं मोठ्यानं की आरू म्हणाली, "मी इथेच आहे."

भिंगातून ऊन जातं, म्हटलं. वर भिंगाजवळ ते पसरलेलं असतं, तिथे काही होत नाही. खाली जिथे सगळं एकवटतं, तेवढाच ठिपका जळतो. बाकी पान हिरवं असेल तर हिरवंच राहतं.

पानातून धूर निघाला. आरूनं टाळी वाजवली. ओसरीवरून अण्णा उठून आले, भिंग घेतलं आणि आपला तळहात अगदी भिंगाखाली धरला. बराच वेळ. मग हळूहळू हात खाली नेत गेले. एका जागी झटकन ओढून घेतला आणि तळहाताकडे बघत राहिले. मीही बघत होते. मोहरीएवढा लाल ठिपका.

"आरू," ते म्हणाले, "आईला म्हनावं, तारीख घ्या."

*

कॅन्सर हा शब्द गल्लीत जाऊ नये म्हणून आईंनी शेजारच्या काकूंना सांगितलं, पोरं पुण्याला सोनोग्राफीला चाललीत. आमच्याकडे सोनोग्राफीला कोण जातं? दुसऱ्या दिवशी काकू वाटीभर चिंचा घेऊन हजर. मला खाली बसू देईनात, घागर उचलू देईनात. नाही म्हणावं तर खरं सांगावं लागणार. आरूच्या वेळी मला कुणी इतकं जपलं नव्हतं. मी चिंचा खाल्ल्या.

आम्ही पुण्याहून परत आल्यावर काकूंनी आईंना फाटकातच गाठलं. काय म्हणाले डॉक्टर?

"सगळं ठीक झालं," आई म्हणाल्या. "कापायचं काम न्हाई पडलं."

काकूंनी देवाला हात जोडले. "बरं झालं बाई. शिजर लई वाईट."

*

पुण्याचा एकच किस्सा आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. आरूला आईंजवळ ठेवलं होतं. अण्णांना आत न्यायच्या आधी संदीपला खाली कुठल्यातरी खिडकीवर बोलावलं, आणि कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच उरलो. ते चाकाच्या खाटेवर, हिरव्या गाऊनमध्ये. मी शेजारी उभी, त्यांचं घड्याळ आणि तुळशीची माळ मुठीत धरून. सहा वर्षं एका घरात राहून आम्ही असे कधी एकटे सापडलो नव्हतो. मध्ये कुणी नव्हतं. मांजरसुद्धा नव्हतं.

मला काहीतरी म्हणायचं होतं. धीर देणारं. माझ्या मुठीतली माळ हलत होती, ती त्यांना दिसली असणार.

वॉर्डबॉय आला, खाट हलली. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आरू असती तर सांगितलं असतं, आईला म्हनावं, भिऊ नको."

दार बंद झालं.

*

अण्णा घरी आले तेव्हा लघवीची नळी होती आणि पायाशी पिशवी. अण्णांना फार लाज वाटायची. ते ती पिशवी बाजाराच्या कापडी थैलीत घालून, थैली मांडीशी घेऊन बसायचे, निघायच्या तयारीत असल्यासारखे. आरूनं दोन दिवस निरीक्षण केलं. मग आपली शाळेची पाण्याची बाटली आणून शेजारी ठेवली आणि सांगितलं, "माझ्या बाटलीतलं पाणी आत जातं. तुमचं बाहेर येतं. म्हणजे तुमची उलटी आहे."

अण्णा पहिल्यांदा हसले. हसताना दुखलं, तरी हसले. नळी निघाल्यावर काही दिवस जळजळ होती, एकदोनदा धोतर बदलावं लागलं. मग तेही थांबलं. ते पुन्हा रानात जाऊ लागले. बाथरूमबाहेर आरू अजूनही कधीकधी सवयीनं उभी राहायची. आतून आवाज यायचा, "झाली गं बाई, झाली."

पण नळी निघणं वेगळं आणि कॅन्सर जाणं वेगळं, हे मला माहीत होतं. अण्णांनाही. तीन महिन्यांनी पीएसए करायचा होता. तो आकडा उतरला तर काम झालं म्हणायचं, नाही उतरला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्या तीन महिन्यांत अण्णांनी उसाची नवी लागण केली नाही. रान तयार होतं, बेणं आणलेलं होतं. "बघू," एवढंच म्हणायचे. कशाचं बघू, ते कुणी विचारलं नाही.

*

रक्त सकाळी राहुरीला दिलं होतं. दुपारी मोबाईल वाजला. संदीप कामावर, आई आत आडव्या झालेल्या. अण्णा ओट्यावर खांबाला टेकून बसलेले, त्यांच्या पायाशी आरू खडूनं काहीतरी काढतेय. मी उंबऱ्यात उभी राहून रिपोर्ट उघडला. वाचला. पुन्हा वाचला. मला माझ्या डोळ्यांची खात्री वाटेना म्हणून तिसऱ्यांदा वाचला.

वर बघितलं तर अण्णा माझ्याकडे बघत होते. पंख्याकडे नाही, भिंतीकडे नाही.

आरू सवयीनं उठली. हात फ्रॉकला पुसले आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "काय सांगू?"

मी तोंड उघडलं.

"तिला नको," अण्णा म्हणाले. "अश्विनी, मला सांग."

मी पदर सारखा केला, का ते मलाही माहीत नाही.

"उतरलाय, अण्णा. खूप उतरलाय. पण दर तीन महिन्यांनी बघत राहायचंय."

अण्णांनी मान हलवली. खांबाला डोकं टेकवलं, डोळे मिटले. रस्त्यावरून उसाची एक रिकामी ट्रॉली खडखडत गेली.

"जेवलीस का?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही अजून."

"मग जेव की."

आरू आमच्या दोघांच्या मधोमध उभी होती. तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पुन्हा त्यांच्याकडे. मग म्हणाली,

"मग मी खेळायला जाऊ?"