शिवण बाहेरून

मी शिंपी. सत्तावीस वर्षं पँटी शिवल्या. कुणी म्हणालं, "मास्तर, इथे काचतंय," की माझं उत्तर तयार असायचं: "दोनदा घाला, आपोआप सैल होईल." गिऱ्हाईक गप्प बसायचं आणि मी त्याला समाधान समजायचो.

मग डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मधुमेह होताच. बायको रोज म्हणायची, "अहो, डॉक्टरांना दाखवा." मी रोज म्हणायचो, "उद्या." शिंप्याचा उद्या तो, महिनाभर चालला. शेवटी गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.

पुढे इस्पितळात कृत्रिम पाय मिळाला. तो बसवणाऱ्या गृहस्थांना सगळे पायवाले म्हणत. उरलेल्या पायावर आधी एक मोजा चढवायचा आणि त्यावर कृत्रिम पाय, अशी रीत. त्या मोज्याची टोकाची शिवण नेमकी हाडावर घासायची.

मी तोऱ्यात म्हणालो, "हे ज्यानं शिवलंय ना, त्याच्या हातातली सुई काढून घ्या."

"मग तुम्हीच शिवा की, मास्तर," पायवाले शांतपणे म्हणाले.

शिवला. मऊ ताणाचं कापड, अगदी अंगाबरोबर माप, आणि शिवण आतून अशी दडवली की शोधून सापडू नये. दुपारपर्यंत त्याच शिवणीनं फोड आणला. मी स्वतःलाच बजावलं, दोनदा घातला की सैल होईल. तिसऱ्या दिवशी फोड फुटला आणि पायवाल्यांनी आठवडाभर पाय घालायला बंदी केली. माझ्यासारखा शिंपी आणि माझ्यासारखं गिऱ्हाईक एकाच घरात सापडणं अवघड.

मलम लावता लावता बायको म्हणाली, "मोजा उलटा घातला तर?"

"उलटा? शिवण लोकांना दिसेल."

"तुमच्या पँटच्या आत बघायला कोण येतंय?"

जखम भरल्यावर मोजा उलटा घातला, आणि संध्याकाळपर्यंत तो आहे हेसुद्धा विसरलो. "मला हे सुचणारच होतं," मी तिला सांगितलं. ती फक्त "हो का" म्हणाली.

पायवाल्यांनी तो मोजा इतरांना दाखवला आणि कामं येऊ लागली. त्यात एक दिवस छापखान्यात काम करणाऱ्या एक बाई आल्या. यंत्रात त्यांचा उजवा हात कोपराच्या वर तुटला होता. उरलेल्या दंडाला साधा वारासुद्धा सहन होत नव्हता आणि त्यावर घातलेलं काहीही सरकून खाली यायचं. मापं माझ्या बायकोनं घेतली. मी घट्ट, मऊ बाही शिवली, तिला छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे जाणारा पट्टा जोडला आणि पाठीवर हूक लावले. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"काम सुरेख आहे, मास्तर. पण हूक लावायला दुसरा हात लागेल. तो असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

एक पाय गमावलेल्या माणसाला एवढंही कळू नये. त्या दुपारी मी उजवा हात मापाच्या टेपनं कमरेला बांधला आणि शर्ट चढवायला निघालो. अर्ध्या तासानं बायकोनं मला कॉलरमधून सोडवलं.

दुसरा प्रयत्नही फसला. तिसऱ्या वेळी हूक काढून टाकले आणि डोक्यातून सरकवता येईल असा पट्टा केला. बाई पडद्याआड गेल्या. मी बायकोला खुणावलं, जा, मदत कर. ती हलली नाही. "लागलं तर हाक मारतील," म्हणाली.

हाक आली नाही. बाई स्वतःच बाहेर आल्या, दंड दोनदा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "सरकत नाही." मग खुर्चीवर टेकल्या. "एक विचारू? तुम्हाला तो पाय अजून जाणवतो का?"

"अंगठा खाजतो," मी म्हणालो. "जो नाही, तोच."

"माझी मूठ आवळलेली असते. उघडतच नाही." डाव्या हातानं त्यांनी बाहीवरून दंड हलकेच दाबला. "यात जरा सैल पडलीय. घरी हे बोलले की सगळे घाबरतात, म्हणून तुम्हाला सांगितलं."

बायकोनं चहा ठेवला. आम्ही बराच वेळ नसलेल्या अंगठ्याबद्दल आणि नसलेल्या मुठीबद्दल बोलत बसलो.