मालनवहिनी आणि सोनेरी लेबल

मुकुलच्या दुकानावरून जाताना आजही माझे हात शिवशिवतात. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, हातात पाना असतोच, आणि ते काचेचं कपाट दिसलं की पान्याचा भलताच उपयोग सुचतो. पण जिचा राग खरा होता तिनं त्या काचेला बोटही लावलं नाही.

मालन पिलणकर मिरकरवाड्याला बंदरावर मासे विकते. तिचा नवरा गंगाराम माझा जिवाचा दोस्त, म्हणून ती माझी वहिनी. जीभ अशी तिखट की घासाघीस करायला आलेलं गिऱ्हाईक दोन वाक्यांत गप्प होऊन पिशवी पुढे करतं. पण लिलावात काहीच हाती न लागलेल्या एखाद्या नव्या पोरीला आपल्या पाटीतले बांगडे देणारीही तीच. देते मात्र ओरडत ओरडत.

गंगारामला नाण्यांचा नाद होता. बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा सगळी. त्यातलं एक चांदीचं, टांकसाळीतून मुद्दाम मागवलेलं, त्यावर त्याचा फार जीव. दर लक्ष्मीपूजनाला ते पाटावर यायचं, त्याला हळदकुंकू लागायचं, आणि पुन्हा फडक्यात बांधलं जायचं. कडेच्या अक्षरांत हळद अशी बसली होती की ते नाणं वहिनी अंधारातही ओळखेल असं आम्ही तिला चिडवायचो.

आमच्यात नवी होडी बांधायला घेतली की तळाच्या लाकडात खाच करून नाणं ठेवतात आणि वर दुसरं लाकूड ठोकतात. होडी आहे तोवर ते तिथंच. गंगाराम म्हणायचा, "माज्या होडीत हेच घालायचं." त्याची होडी झाली नाही. जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून राबला आणि गेला. यंदा त्याच्या मुलानं, सूरजनं, भाट्याच्या खाडीकाठी होडी बांधायला काढली. वहिनीचं एकच म्हणणं होतं, नाणं त्यांचंच जायला हवं. बाकी पूजेला काय आणायचं ते तुम्ही बघा.

खाऱ्या पाण्यानं नाणं खराब होऊ नये म्हणून एखादी घट्ट डबी मिळते का, एवढंच विचारायला ती मुकुलकडे गेली. मुकुल बाजारपेठेत जुनी नाणी, नोटा विकतो. शिकलेला, गोड बोलणारा. "काकू, नुसती डबी कशाला? मी हे कंपनीकडे पाठवतो. ते नाणं तपासतात, दर्जाचा आकडा देतात आणि सीलबंद करतात. आपण सोनेरी लेबल घेऊ, 'पहिल्या दिवसाचं नाणं' असं लिहिलेलं, म्हणजे टांकसाळीतून पहिल्याच दिवशी बाहेर पडलेलं. साध्या लेबलापेक्षा त्याला मान असतो."

'मान' या शब्दापाशी वहिनी विरघळली. होडीत जाणाऱ्या वस्तूला मान हवाच. लेबलाचे जास्तीचे पैसे तिनं घासाघीस न करता दिले, आणि ही बाई जन्मात एकदाच असं वागली असेल. महिन्याभरानं डबी आली. तळहाताएवढी, जाड पारदर्शक प्लास्टिकची, नाण्याची कडा आतल्या पांढऱ्या चकतीत झाकलेली, वर सोन्यासारखं लखलखणारं लेबल. वहिनीनं ती देवापुढे ठेवली आणि पूजेच्या दिवसापर्यंत उघडायचा प्रश्नच आला नाही.

पूजेच्या सकाळी भागोजी सुतारानं डबी बघून मान हलवली. एवढी मोठी खाच केली तर लाकूड कमजोर होईल म्हणाला. मग सूरजनं दगडावर ठेवून हातोडीनं प्लास्टिक फोडलं आणि नाणं आईच्या हातात दिलं. वहिनीनं ते उलटसुलट केलं. अंगठ्यानं कडा घासली. नाणं आरशासारखं स्वच्छ होतं.

"हे त्येंचं नाय," ती म्हणाली. "मी येईपर्यंत लाकडाला कुणी हात लावायचा नाय. चला भावजी."

आम्ही टेंपोनं बाजारपेठेकडे निघालो. वाटेत बंदराशी टेंपो थांबवून तिनं आपली बांगड्यांची पाटी मागे चढवली. ती कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुकानात तिनं ते सुटं नाणं मुकुलपुढे धरलं. त्यानं आधी हसून घेतलं. मग म्हणाला, "काकू, हळदीमुळे तुमचं नाणं कंपनीनं नाकारलं. म्हणून माझ्याकडचं दिलं. तोच छाप, तेच साल, उलट दर्जा चांगला. पण डबी का फोडलीत? आता त्याला चांदीचाच भाव."

"नाणं तेच हाय ना? मग किंमत गेली कुठं?"

"लेबल गेलं ना काकू."

"आणि न फोडता आणलं आसतं तर लेबलाचं काय दिलं आसतंस?"

मुकुल घुटमळला. "घेताना आम्ही दर्जाच्या आकड्याचे देतो. लेबलाचं असं वेगळं काही नसतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. विकताना लेबलाला मान, घेताना तो नुसता कागद. कपाटात त्याच आकड्याचं, साध्या लेबलाचं नाणं शेजारीच ठेवलेलं होतं, आणि ते कितीतरी स्वस्त होतं. वहिनीनंही ते पाहिलं. "एका जाळ्यातल्या दोन सुरमया," ती म्हणाली, "एकीच्या शेपटीला रिबीन बांधलीस आणि मला ताजी म्हणून विकलीस. ते आसू दे. माज्या घोवाचं नाणं कुठं हाय?"

ते सुट्या नाण्यांच्या ट्रेमध्ये होतं. पण त्या छापाची तिथं तीन नाणी होती, तिन्ही लखलखीत. गिऱ्हाइकाला हळद आवडत नाही म्हणून मुकुलनं गंगारामचं नाणं साफ करायच्या औषधात बुडवून ती काढून टाकली होती. हे त्यानं असं सांगितलं जणू उपकारच केले. वहिनी एकेक नाणं उचलून कडेची अक्षरं नखानं चाचपत राहिली. तिन्ही खाली ठेवून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग ती बाहेर गेली, पाटी आणली, दुकानाच्या मधोमध ठेवली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली. "तिन्ही दे. हे तुजं तुला घे. लेबलाचे जास्तीचे घेतलेस त्यात बसव."

"असं कसं चालेल, काकू?"

"मग बसते. बांगडे कालचे हायत."

दारात आलेलं एक गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून परत फिरलं. दुसरं आत आलंच नाही. मुकुलनं तिन्ही नाणी कागदात बांधून दिली तेव्हा त्याचा चेहरा बघायला मी दहा इंजिनं फुकट उघडली असती.

खाडीवर सगळे ताटकळत उभे होते. भागोजीनं काही न विचारता खाच थोडी खोल केली. वहिनीनं तिन्ही नाण्यांना हळदकुंकू लावलं, एकावर एक ठेवली, आणि वरच्या लाकडावरचा पहिला ठोका स्वतः मारला. लोकांना वाटलं, झालं, जिंकली बाई. मलाही तसंच वाटत होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, "वहिनी, गंगाराम बसला होडीत."

तिनं हातोडी माझ्या हातात दिली. डोळे भरले होते आणि दात आवळलेले होते.

"बसले आसतील. पण इतकी वर्षं ह्या हातानं हळद लावली, भावजी, आणि आज मला त्येंचं नाणं ओळखता आलं नाय."

लेबलाच्या पैशांचा राग माझ्या डोक्यातून कधीतरी जाईल. त्या औषधाचा मात्र जाणार नाही.