चार घरांपलीकडून आलेले जोडलेले हात

आमच्या गावाच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये इतका जिव्हाळा आहे की गावासाठी काही उरलंच नाही. सकाळी गुलाबाची फुलं, एकादशीला विठ्ठल आणि कुणाचाही वाढदिवस असला की 'कोटी कोटी शुभेच्छा'. कोटीच्या खाली कुणी येतच नाही. शेतात हीच माणसं एकमेकांचा बांध कोरतात, ती गोष्ट वेगळी.

माझे वडील गेले तेव्हा या ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला. वडिलांना सगळा गाव आण्णा म्हणायचा. त्या पुरात माझ्या लहानपणीच्या मित्राचे दोन जोडलेले हातही वाहत आले. तो आमच्यापासून चार घरं पलीकडे राहतो. ग्रामपंचायतीला तो एका पॅनेलात होता, मी दुसऱ्या; तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दोन्ही पॅनेलांचे पुढारी आता एकाच गाडीतून फिरतात, आम्ही दोघं मात्र अजून निष्ठावंत. तो मौतीला आला नाही, तेराव्यालाही आला नाही. दोन पिवळे हात पाठवले आणि मोकळा झाला. मला त्याचा भयंकर संताप आला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला दुसरं कुणीच नको होतं, तोच हवा होता.

चौसाळ्यात हायवेला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरी आटल्या की मोटारी बंद, आणि मोटारी बंद की मी रिकामा. तशा रिकाम्या दिवसांत व्हिडिओ बघत बघत मी स्वतःच्या नावाची वेबसाइट काढली आणि तिच्यावर आण्णांच्या आठवणी लिहायला लागलो. ग्रुपवर लिहिल्या असत्या तर दुपारपर्यंत गुलाबांखाली गाडल्या गेल्या असत्या.

गावाने तिचं स्वागत गावाच्या रिवाजाने केलं. आमच्याकडे माणूस स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लावतो ते एकाच कारणासाठी. "कावून बे, सरपंचकीला उभा ऱ्हायलास का?" असं मला बसस्टँडपासून दुकानापर्यंत विचारण्यात आलं. चुलत्यांनी तर पासपोर्ट फोटोच आणून दिला.

"शुभेच्छुकात टाक. पर वरच्या रांगेत."

"काका, हे फ्लेक्स न्हाई. हितं नुसतं लिव्हायचं आसतंय."

"मंग एवढी उठाठेव कावून केलीस?"

सरपंच स्वतः दुकानात येऊन मला चहा पाजून गेले. मी फॉर्म भरणार का, एवढंच त्यांना हवं होतं. वाचलं मात्र कुणीच नाही.

मग मी विहिरीची गोष्ट लिहिली. लहानपणी एकदा आम्ही दोघं मित्र शेळीचं पिल्लू काढायला पडक्या विहिरीत उतरलो, तिथंच अडकलो, आणि आण्णांनी दोर टाकून आम्हाला वर ओढलं. लिहिताना मी मित्राला साफ गाळलं. विहिरीत मी एकटाच आणि पिल्लूही मीच वाचवलं, असं ठोकून दिलं. राग तर होताच. पण हे वाचून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा आणि भांडायला का होईना, त्याने यावं, असंही वाटत होतं. लिंक ग्रुपवर टाकली. न उघडताच लोकांनी भराभर अंगठे दिले. त्याचा अंगठा नव्हता.

दोन-तीन दिवसांनी तो दुकानात आला. हातातला मोटारीचा स्टार्टर त्याने टेबलावर आदळला.

"चालू होईना गेलाय."

मी तारा जोडल्या, बटण दाबलं. खट्कन चालू झाला. तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला आणि दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

"विहिरीत तू एकटाच गेलतास का बे?"

"सायट माझी हाय."

"सायट तुझी आसंल. विहीर दोघाची व्हती." मग त्याचा आवाज खाली आला. "पिल्लाचं जाऊ दे. तूच काढलं, आसं ऱ्हाऊ दे. पर वर आल्यावर आण्णानं पहिली चापट मला मारलती. तुला मागून. ते कावून न्हाई लिव्हलं?"

मी स्टार्टरला जोडलेल्या तारा परत सोडवायला लागलो.

"सख्ख्या लेकराच्या आधी मला मारलतं त्यांनी," तो म्हणाला. "मौतीला यायला निघालतो. दोनदा गल्लीच्या तोंडावरून माघारी गेलो. दारात तुझ्या पॅनेलची समदी मानसं बसलती."

मी तिथंच मोबाईल काढला, त्याला विहिरीत घातलं, पहिली चापट त्याच्या नावावर केली आणि त्याला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तो सवयीने अंगठा शोधायला लागला.

"हितं कुठं दाबायचं?"

"हितं अंगठा न्हाई."

त्याने मोबाईल खाली ठेवला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "लई चांगला मानूस व्हता बे आण्णा." मग तो रडला. मीही रडलो, समोर गिऱ्हाईक मोटार घेऊन उभं असताना.

वेबसाइटला अजूनही एकच वाचक आहे. तो रोज संध्याकाळी येतो, लिहिलेल्यात चुका काढतो आणि जाताना विचारतो, "झाला का स्टार्टर?" मी नाही म्हणतो. त्यात काही बिघडलेलंच नाही, त्यामुळे दुरुस्तीला वेळ लागतोय.