साहेब बसले त्याच्याखाली

कमरोद्दीनइतका भिडस्त माणूस मी गुलमंडीत दुसरा पाहिला नाही. भीड भिकेची बहीण असते, हे त्याच्याकडे बघूनच मला पटलं. तो हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणायचा. दालनात जमिनीत कंबरभर खड्डा खणलेला. त्यात पाय सोडून बसायचं आणि पुढ्यातला माग चालवायचा. खड्डा बापानं खणलेला. मी त्याचा शेजारी अनंतराव, कचेरीचे उर्दू अर्ज लिहून पोट भरणारा.

फसली तेराशे चाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीसच्या सुमारास निजाम सरकारच्या एका महकम्यानं, म्हणजे खात्यानं, आमच्या गल्लीतून रुंद सडक काढायचं ठरवलं. घरं पडणार होती. लोकांचं म्हणणं ऐकायला महकम्याचे साहेब स्वतः येणार होते, आणि सगळे मावतील अशी जागा एकच, कमरोद्दीनचं दालन. मागावरचं विणून झालेलं थान नुकतंच उतरलं होतं. त्यानं माग सुटा करून मागच्या खोलीत रचला आणि खड्ड्यावर फळ्या टाकल्या. वरची सतरंजी माझ्या घरची.

"माग ऱ्हाऊ द्या की. साहेबाच्या नजरंला तरी पडंल," त्याची बायको जैतुनबी म्हणाली.

"पाव्हण्याला काय खड्ड्यात बसवू?"

साहेबांना त्यानं ऐन मधोमध, तक्क्याला टेकवून बसवलं. साहेबांनी हुकूम सांगितला: ज्याच्या घरात कारखाना, त्याला शहरातच जागा, नुसतं राहतं घर असेल त्याला छावणीपलीकडच्या माळावर. माळ कसला, निव्वळ खडक. तिथं सुरुंगाशिवाय हातभर खड्डा होत नाही, आणि खड्ड्यावाचून कमरोद्दीनचा माग उभा राहत नाही.

कारकून एकेकाला विचारत निघाला. बद्रीनाथ तांबटानं दारातूनच समोरची भट्टी दाखवली, त्याचं काम झालं. मग कमरोद्दीनची पाळी आली.

"हाय ना, माझा माग हाय," तो म्हणाला.

"कुठं?"

तो साहेबांकडं बघत राहिला. मागच्या खोलीतली सुटी लाकडं दाखवून भागणार नव्हतं, मागाची खरी खूण म्हणजे तो खड्डाच. साहेब नेमके खड्ड्यावरच बसले होते, हातात शरबताचा पेला. मी त्याला कोपरानं ढोसून कानाशी म्हणालो,

"उठवा त्यांना, कमरूभाई!"

"बसल्या पाव्हण्याला उठवायचं? आमच्यात नाय तसं, अनंतराव. शरबत तर होऊ द्या."

कारकुनानं 'फक्त राहतं घर' असं लिहिलं आणि तो पुढं सरकला. शरबत झालं, पान झालं, अत्तर झालं. साहेब उठले ते थेट टांग्यात. मग मीच साहेबांना का नाही सांगितलं? माझे अर्ज त्याच कचेरीत जायचे, म्हणून. आज लिहितानाही माझी मला शरम वाटते.

पुढं त्याच्यासाठी अर्ज केला, फुकट केला. महिन्यानं उत्तर आलं: 'आम्ही स्वतः त्या दालनात बसलो होतो. तिथं माग नव्हता. अर्जदार खोटारडा आहे.' मी कमरोद्दीनला वाचून दाखवलं आणि शेवटचं वाक्य गाळलं.

"सगळं वाचलं ना, अनंतभाऊ?" जैतुनबीनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

सहा महिन्यांनी पाडकाम सुरू झालं. दालनाची भिंत कोसळली तेव्हा नवराबायको बाहेर उभी होती. एक मजूर टोपली घेऊन पाठमोरा मागं सरकत निघाला होता. कमरोद्दीन धावतच पुढं गेला आणि त्यानं त्याचा हात धरला.

"सांभाळ रे बाबा! तिथं खड्डा हाय!"

"आता सांगता व्हय?" जैतुनबी म्हणाली.