मामंजींचा शंभर नंबरी चेंडू

लग्न होऊन मी सांगलीहून कोरेगावजवळच्या सासरच्या गावी आले, तेव्हा सासऱ्यांबद्दल मला दोनच गोष्टी सांगण्यात आल्या होत्या. एक, ते फौजेतून ऑनररी कॅप्टन होऊन निवृत्त झाले आहेत. दोन, त्यांच्यापुढे घरात कोणी बोलत नाही. तिसरी गोष्ट मात्र माझ्या माहेरच्यांपासून शिताफीनं लपवली होती. ते गोल्फ खेळायचे.

साल १९७४. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला एसटीनं जात-येत होते. पहिल्याच रविवारी सकाळी परसदारी तांब्या घासत बसले होते, तर घरामागच्या माळावर मामंजी खाकी हाफपँट आणि डोक्याला मफलर अशा अवतारात दिसले. त्यांनी एक लांब काठी हळूहळू वर नेली, विहिरीतून भरली घागर ओढावी तशी, आणि मग लाकूड फोडावं तशी खाली आणली. मुरूम उडाला. चेंडू दहा हातांवर बाभळीत गेला. मामंजींनी वाऱ्याकडे रागानं पाहिलं.

त्याचा उलगडा सासूबाईंनी केला. फौजेत मामंजींची बरीच वर्षं एका छावणीत गेली. साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती. तिथल्या एका पारशी कर्नलसाहेबांनी त्यांना खेळायला शिकवलं. गावी आल्यावर त्यांनी माळावर तुपाचे पाच डबे पुरून पाच भोकांचं मैदान केलं. गवत राखायचं काम गावच्या शेळ्या फुकट करत. गाव त्याला ‘कॅप्टनचं खूळ’ म्हणायचं, अर्थात मामंजी ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर असताना.

ते कर्नलसाहेब आता पाचगणीला राहत होते. दर मे महिन्यात ते मामंजींना बोलावत, गाडीतून महाबळेश्वरच्या मैदानावर नेत आणि हरवत. सात वर्षं झाली, सातही वेळा मामंजी हरले होते. एका वर्षी वारा आडवा आला, एका वर्षी बूट चावला, आणि एका वर्षी तर सासूबाईंनी बांधून दिलेली भाकरी शिळी निघाली. मारण्यात चूक कधीच नव्हती.

त्या पावसाळ्यात माझे बोटीवर काम करणारे दीर रजेवर आले आणि परदेशातून गोल्फच्या चेंडूंचे तीन डबे घेऊन आले. तीन डब्यांवर तीन आकडे. शंभर, नव्वद आणि ऐंशी. ऐंशीच्या डब्यावर स्कर्ट घातलेल्या एका बाईचं चित्र होतं. मामंजींनी शंभरचा डबा आपल्या ट्रंकेत ठेवला आणि बाकीचे दोन कोनाड्यात ढकलले.

डब्यात एक इंग्रजी पत्रक होतं. दिसेल ते छापील वाचायची मला खोड आहे, म्हणून मी ते जेवता जेवता वाचलं. आकडा म्हणजे चेंडूचा कडकपणा, असं त्यात लिहिलं होतं. काठी आदळली की चेंडू क्षणभर चेपतो आणि मग उसळी मारतो. ज्याची काठी वेगानं फिरते त्यानं कडक चेंडू घ्यावा. ज्याची हळू फिरते त्यानं मऊ घ्यावा, कारण कडक चेंडू त्याच्याच्यानं चेपत नाही. मी हे सहज मोठ्यानं सांगितलं.

मामंजींनी मान वर न करता सुनावलं, “शंभर म्हंजे शंभरपैकी शंभर. ऐंशीचा बॉल बाईमाणसाचा हाय. डब्यावर चित्र हाय की.”

“मामंजी, हे मार्क नाहीत,” मी म्हणाले. “चपलेचा नंबर असतो तसं आहे. दहा नंबरची चप्पल घातली म्हणून पाय मोठा होत नाही.”

माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी चुलीतलं लाकूड उगाच पुढं-मागं केलं. मला वाटलं, आता माझी रवानगी सांगलीला. मामंजींनी शांतपणे ताटात हात धुतला आणि म्हणाले, “मग काढ माझा नंबर. कॉलेजात पगार कशाचा घेतीस ते तरी बघू.”

रात्री नवऱ्यानं मला यात पडू नकोस म्हणून बजावलं. पण मी पडले होतेच.

वेग मोजायची युक्ती मी मुलांना दरवर्षी फळ्यावर शिकवत होते, करून मात्र कधी पाहिली नव्हती. आंब्याच्या फांदीला मी भुसा आणि वाळू भरलेली छोटी गोणी लांब दोरीनं टांगली. तिच्या तळाला खडू बांधला आणि खाली एक फळी टेकवली. चेंडू गोणीत घुसला की गोणी झोका घेणार, खडू फळीवर रेघ ओढणार, आणि रेघेच्या लांबीवरून वेग काढता येणार. मामंजींनी चार पावलांवरून गोणीत चेंडू मारायचा, एवढंच काम.

पहिला चेंडू अंघोळीच्या पाण्याच्या बंबावर बसला. बंबाला लिंबाएवढा पोचा आला. दुसरा गोठ्यात गेला आणि त्या दिवशी संध्याकाळी म्हशीनं दूध दिलं नाही. सासूबाई हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसल्या. लग्नानंतर एवढी करमणूक त्यांच्या वाट्याला प्रथमच येत होती. तिसरा चेंडू गोणीत बसला. खडूनं रेघ ओढली. बरोबर एक वीत.

मामंजींनी आणखी चार मारले. वीत, वीत, वीतभराला बोटभर कमी, वीत. मी उत्तरपत्रिकेच्या पाठीमागं गणित मांडलं. चेंडूच्या वेगावरून काठीचा वेग ताशी सत्तर मैलांच्या आसपास आला.

“सत्तर म्हंजे येष्टीपेक्षा जास्त हाय,” मामंजी समाधानानं म्हणाले.

मी तालमीतल्या एका पैलवानाला बोलावून घेतलं. त्यानं जन्मात अशी काठी धरली नव्हती. अकरा वेळा त्यानं नुसती हवा कापली. बाराव्या वेळी चेंडू गोणीत बसला आणि गोणी दीड वितीच्याही पुढं गेली. पैलवान ओशाळून मामंजींच्या पाया पडला आणि निघून गेला. मामंजींनी वाकून फळीवरची त्याची रेघ आपल्या वितीनं पुन्हा मोजून पाहिली.

पण फौजेतला माणूस एका पराभवानं माघार घेत नाही. वेग काहीही असो, त्यांचं म्हणणं, आपल्याला शंभरचाच चेंडू मानवतो. मग मी दुसरा डाव टाकला. तिन्ही डब्यांतले चेंडू घेऊन त्यांच्या आकड्यांवर पांढऱ्या ऑईलपेंटचा ठिपका दिला. कुठला चेंडू कुठला ते फक्त माझ्या वहीत. सहा सकाळी माळावर मारायचं. एका सकाळी एकाच जातीचे चेंडू, कुठल्या जातीचे ते मामंजींना सांगायचं नाही. सासूबाई नऊवारीचा काष्टा घट्ट करून पावलांनी अंतर मोजत होत्या आणि मोजता मोजता शेण दिसलं की पाटीत गोळा करत होत्या.

पहिल्या सकाळचे चेंडू शंभरचे होते. थंडी होती. काठी आदळली की मामंजींचे हात झिणझिणायचे. ते कबूल करत नव्हते, पण प्रत्येक फटक्यानंतर तळवे हाफपँटीला पुसत होते. पाचव्या फटक्यापर्यंत त्यांनी काठी अशी आवळली होती की तिचा गळाच दाबताहेत. चेंडू डावीकडं बाभळीत, उजवीकडं ओढ्यात. तिसऱ्या सकाळी ऐंशीचे चेंडू होते. पहिल्या फटक्याला ते चमकले. हात झिणझिणले नव्हते. दुसऱ्याला खांदे सैल पडले. सातव्या फटक्यानंतर काठीवर रेलून उभे राहिले आणि म्हणाले, “आज हात लागलाय. ह्यो खरा शंभर नंबरी.”

भौतिकशास्त्राला धरून सांगायचं तर अंतरात फार फरक नव्हता. सासूबाईंच्या हिशेबानं दहा-बारा पावलं. खरा फरक माणसात पडत होता. कडक चेंडूच्या धसक्यानं मामंजी आडदांडपणा करत आणि मऊ चेंडू असला की शहाण्यासारखे मारत. हे पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

सहाव्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसून ब्लेडनं रंग खरवडला. त्यांनी शंभर नंबरी म्हणून निवडलेल्या चेंडूवर ऐंशी निघालं. त्यांनी दुसरा पुढं केला. त्यावरही ऐंशी. ते उठून गोठ्यात गेले.

दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. मला खरंच वाईट वाटायला लागलं. ज्या माणसाला आयुष्यभर जोर दाखवायला सांगितलं, त्याच्या साठीनंतर त्याच्यापुढं खडूची रेघ ओढायची मला काय गरज होती? तिसऱ्या दिवशी सासूबाईच कातावल्या. भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, “आवं, चाळीस वर्सं माझ्या हातची मऊ भाकरी खाताय, तवा न्हाई कवा लाज वाटली.”

 दुपारी मामंजी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन खाकरले.

“सूनबाई, त्यो आकडा कायमचा खरवडता येतो का?”

मी पॉलिश पेपर आणला. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ऐंशीच्या सगळ्या चेंडूंवरचं नाव आणि आकडा घासून काढले. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्याशी घरच्या माणसासारखं बोलले. छावणीत पहिल्यांदा काठी हातात घेतली तेव्हा कर्नलसाहेबांच्या बंगल्याची काच फुटली होती, हे त्यांनी मला सांगितलं. सासूबाईंना ते आजवर माहीत नव्हतं.

मे महिन्यात त्यांनी मला सोबत नेलं. कर्नलसाहेब मामंजींपेक्षा चार वर्षांनी मोठे, उंच, वाळलेले, आणि गाडी अशी चालवायचे की एसटीनं चढून आलेल्या पसरणीच्या घाटापेक्षा मला त्यांची भीती वाटली. त्यांच्या बाईसाहेब माझ्याबरोबर मैदानाच्या कडेनं चालत होत्या. पहिलाच फटका मामंजींनी सरळ मारला. कर्नलसाहेबांनी भुवया वर करून कुठला चेंडू म्हणून विचारलं. नंबर झिजलाय, जुना आहे, असं मामंजींनी सांगितलं. मी आकाशाकडे पाहिलं.

सामना आठव्या भोकापर्यंत बरोबरीत होता. तिथं दोघांचेही फटके एका जांभळीच्या झाडाखाली गेले. आम्ही पोचलो तर दोन चेंडू हातभर अंतरावर पडलेले. दोन्ही पांढरेफटक. एकावरही नाव नाही, आकडा नाही.

कर्नलसाहेब खाली वाकले. मामंजीही वाकले. पुढचा आपला, असं दोघांचंही म्हणणं पडलं. मग कर्नलसाहेबांनी एक चेंडू उचलून उन्हात धरला, अंगठ्यानं चाचपला आणि दुसराही तसाच चाचपला. दोन्हींवर पॉलिश पेपरचे ओरखडे होते. त्यांनी मामंजींकडे पाहिलं.

“कॅप्टन,” ते हळूच म्हणाले, “तुम्हारा भी?”

मामंजी सावधानमध्ये उभे राहिले. “जी साब.”

दोघांनी नाणं उडवून चेंडू वाटून घेतले.  बाईसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तीन वर्षं झाली, त्यांच्या स्वतःच्या गोल्फच्या पिशवीत एकही चेंडू टिकत नाही, आणि साहेब सगळं माकडांवर ढकलतात.

मामंजी त्या वर्षीही हरले, पण एकाच भोकानं. परतीच्या एसटीत त्यांनी वाऱ्याचं नाव काढलं नाही, बुटाचं नाही आणि भाकरीचंही नाही. शेवटचा छोटा फटका आपण घाईत मारला, एवढंच म्हणाले. वाईला एसटी थांबली तेव्हा खाली उतरून स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले. चहा निम्मा सांडला होता, कारण भरली कपबशी धरून कसं चालायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरी त्यांना तो हातात मिळायचा.

त्यानंतरच्या दिवाळीत आमच्या विहिरीवर विजेचा पंप बसवायचं ठरलं. भावकीतल्या सगळ्यांनी दहा हॉर्सपॉवरचे बसवले होते. दहाच्या खाली घेणं म्हणजे नाक कापून घेणं, असं गावाचं मत. ओट्यावर पंपवाला आणि भावकीतले चार-पाच जण बसले होते. मी आत भाजी चिरत होते. मामंजींनी मला हाक मारून बाहेर बोलावलं, विहिरीची खोली सांगितली, रानाचा चढ सांगितला आणि किती पॉवर लागेल ते सगळ्यांसमोर विचारलं. सुनेला असं ओट्यावर बोलावल्याचं पाहून भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

मी हिशेब करून पाच पुरेल म्हणाले. माझा पदर खांद्यावर होता, डोक्यावर घ्यायचा राहूनच गेला होता. मामंजींनी ते पाहिलं, आणि पंपवाल्याकडे वळून पाचचा कधी येईल ते विचारायला लागले.