बसलेला हात

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते शिक्क्याच्या खिडकीत बसतात आणि शेजारच्या खिडकीत मी, त्यामुळे घरचं नातं ऑफिसातही माझी पाठ सोडत नाही. लोक अर्ज आत सरकवतात, दाजी तो वाचतात, शिक्का शाईच्या गादीवर दाबतात आणि अर्जावर हाणतात. धप्प! शिक्क्यावर एकच शब्द आहे, ‘तपासले’. तो असा उमटतो की चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता यावा. सगळं ऑफिस त्यांना शिक्केकाका म्हणतं. हात बसणं म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्यानं त्यांच्या खिडकीपाशी यावं.

पण एकदा बसलेला हात सहजी उठत नाही, आणि दाजींना नाद स्नूकरचा. ऑफिसच्या वरच्या मजल्यावर क्लबची खोली आहे, तिथं एकुलतं एक टेबल. दरवर्षी पलीकडच्या रस्त्यावरच्या ऑफिसाशी मॅच होते आणि दरवर्षी दाजी फळ्यावर गुण लिहितात. खेळायला त्यांना कुणी घेत नाही, कारण पांढऱ्या बॉललाही ते शिक्काच मारतात. क्यू, म्हणजे खेळायची काठी, बॉलला लागला की तिथल्या तिथं थांबते, कोपर वर उडतं आणि बॉल वाट फुटेल तिकडे जातो. एकदा तो टेबल सोडून क्लबच्या सेक्रेटरीच्या चहात गेला होता.

यंदा ते निवृत्त होणार. ते मला म्हणाले, “एक डाव खेळायचाय रे मॅचमध्ये. हरलो तरी चालेल. पण फळ्यावर माझं नाव दुसऱ्या कुणीतरी लिहावं.”

सेक्रेटरीनं अट घातली. “काका, तुमचा हात क्यूचा नाही, शिक्क्याचा आहे. तो सैल करा, नाव घालतो.”

झालं, उंटावरच्या शहाण्यांचं फावलं. टायपिस्ट म्हणाला, मूठ ढिली ठेवा. रोखपाल म्हणाले, हनुवटी क्यूला टेकवा. भांडारपालानं जन्मात क्यू धरलेला नाही, त्यानं श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. दाजी आज्ञाधारक माणूस, त्यांनी सगळ्यांचं एकाच वेळी ऐकलं. एक ना धड, भाराभर चिंध्या! मूठ ढिली, हनुवटी टेकलेली, श्वास रोखलेला, अशा अवस्थेत ते टेबलावर ओणवे झाले आणि क्यू हातातून सुटून रोखपालांच्या पायावर पडला.

शेवटी ताईनंच मार्ग काढला. “अहो, दहा जणांचं ऐकण्यापेक्षा एकच गोष्ट धरा,” असं म्हणून तिनं औषधाची रिकामी बाटली जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. बाटलीच्या तोंडातून क्यूचं टोक आत घालायचं आणि बाहेर काढायचं, काचेला न लावता. हात मागं न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग सावकाश पुढं आणि लागल्यावरही तसाच पुढं जाऊ द्यायचा. रोज सकाळी दाजींचा हा उद्योग सुरू झाला. काच वाजली की स्वयंपाकघरातून ताई ओरडायची, “लागली!” शेजाऱ्यांना वाटलं, हिला रोज लॉटरीच लागते.

हळूहळू काच वाजायची थांबली. एकदा मी बघायला गेलो तो थट्टा करायच्या तयारीनं. दाजींचा हात झोपाळ्यासारखा मागं गेला, थांबला आणि पुढं आला. कोपर जागचं हललं नाही. खरं सांगतो, मला थट्टा सुचली नाही. सेक्रेटरीनंही बघितलं आणि त्यांचं नाव यादीत घातलं.

पण एके सकाळी शेजारच्या खिडकीतून धप्प असा आवाजच आला नाही. मी वाकून पाहिलं. दाजींनी शिक्का उचलला, वर क्षणभर थांबवला, अलगद खाली आणला आणि कागदाला टेकल्यावरही हात तसाच पुढं जाऊ दिला! शाई फासली. मधला ‘पा’ डागात बुडाला आणि अर्जावर उरलं, ‘तसले’.

दुसऱ्या अर्जावर तसले. तिसऱ्यावरही तसले.

जोर लावून मारावं, तर संध्याकाळी क्यू पुन्हा धक्का खायचा. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? दाजींची झोप उडाली. लोकांच्या अर्जांचं काय होईल, तक्रार आली तर मॅच तर जाईलच, वर निवृत्तीच्या तोंडावर नावाला डाग लागेल. पण आठवडे गेले, तक्रार काही येईना. मी म्हणालो, “दाजी, गप्प बसा. मॅच होऊन जाऊ दे.” ताई म्हणाली, “कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेताय?” पण खोटं त्यांना पचत नाही. मॅचच्या आदल्या दिवशी एक फासलेला अर्ज घेऊन ते साहेबांच्या खोलीत गेले आणि साक्षीला मलाही ओढून नेलं.

“साहेब, माझा शिक्का बिघडलाय. मॅचमधून नाव काढलंत तरी चालेल.”

साहेबांनी कागद हातात घेतला. “निळा आहे ना? मग झालं.”

“साहेब, वाचून तर बघा.”

साहेबांनी चष्मा लावला. “तसले,” ते म्हणाले. “बरोबर आहे की. नवीन परिपत्रकात बदललं असेल.”

“पण वरच्या ऑफिसातून हे अर्ज परत...”

“अहो, वर कोण वाचतंय? शिक्का असला की पुढं जातो. उद्या नीट खेळा.”

दाजी तो अर्ज पुन्हा पुन्हा वाचत बाहेर आले. मी आपला हसत होतो. सुटलो म्हणून त्यांनीही हसावं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅच झाली. रोखपालांनी फळ्यावर दाजींचं नाव लिहिलं, चांगलं मोठ्या अक्षरात. डाव शेवटच्या काळ्या बॉलवर आला. दाजी वाकले, हात मागं गेला, थांबला, पुढं आला. काळा बॉल आवाज न करता खिशात गेला. खोली टाळ्यांनी दणाणली, सेक्रेटरीनं त्यांना मिठी मारली, ताईनं डोळे पुसले.

दाजी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत उजवा हात मांडीवर ठेवून बसले होते. ताई जवळ गेली. “अहो, जिंकलात ना? मग तोंड का पाडलंय?”

त्यांनी मनगट चोळलं. तिथलं हाड वर्षानुवर्षं शिक्का मारून मारून सुजलेलं आहे, हे मला ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं.

“अगं,” दाजी म्हणाले, “इतकी वर्षं शिक्का नुसता टेकवला असता तरी चाललं असतं.”